फणी, ऊ आणि लाज : मुलांच्या डोक्यातल्या उवांचा इतिहास

आजच्या विषयाची पत्रिका वाचून काही मंडळी हसली असतील, काहींचा हात नकळत डोक्याकडे गेला असेल. दोन्ही साहजिक आहे. लढाया, राजघराणी, तह, चळवळी हे इतिहासाचे विषय. आणि उवा हा दुपारच्या वेळी ओटीवर बसून, पोरीचं डोकं मांडीवर घेऊन उरकायचा प्रकार, असं आपण धरून चालतो. पण ज्या गोष्टीशी माणूस हजारो वर्षं रोज झगडत आला, तिचा इतिहास सांगायचा नाही तर कशाचा सांगायचा? आणि या इतिहासाला आजही एक टोक आहे. शाळेतून चिठ्ठी आली, की मुलगी खाली मान घालून घरी येते. तिची मान खाली का जाते, हा आजच्या व्याख्यानाचा खरा प्रश्न आहे.

आधी प्राण्याची ओळख करून घेऊ. डोक्यातली ऊ दोन-तीन मिलिमीटर लांब असते. तिला पंख नाहीत, उडी मारता येईल असे पाय नाहीत. ती फक्त चालते, केसाला धरून. म्हणजे एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जायचं तर दोन डोकी एकमेकांना टेकावी लागतात. मादी दिवसाला सहा ते आठ अंडी घालते आणि प्रत्येक अंडं केसाच्या मुळाशी डिंकासारख्या पदार्थाने चिकटवते. ती आपली लीख. आठ-दहा दिवसांत लीख फुटते, पुढच्या नऊ ते बारा दिवसांत पिल्लू वयात येतं. माणसाच्या डोक्यापासून दूर पडली तर ऊ एक-दोन दिवसांत मरते. कुत्र्या-मांजरांवर ती राहत नाही. माणूस हेच तिचं एकमेव घर. एवढं लक्षात ठेवलं की पुढचा सगळा इतिहास कळायला सोपा जातो.

किती जुनी सोबत?

चिंपांझीच्या अंगावर जी ऊ असते ती आपल्या उवेची सख्खी बहीण. माणसाचे आणि चिंपांझीचे पूर्वज साधारण साठ लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले, तेव्हा त्यांच्या उवाही वेगळ्या झाल्या. म्हणजे आपण माणूस होण्याच्या आधीपासून ती आपल्याबरोबर आहे.

याबाबत एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जर्मनीत लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत मार्क स्टोनकिंग नावाचे आनुवंशशास्त्रज्ञ होते. त्यांच्या मुलाच्या शाळेतून एक चिठ्ठी आली : वर्गात उवा सापडल्या आहेत, काळजी घ्या. त्या चिठ्ठीत लिहिलं होतं की माणसाच्या शरीरापासून दूर ऊ दिवसभराहून जास्त जगत नाही. पालक म्हणून तुम्ही-आम्ही ती चिठ्ठी वाचून फणी शोधायला गेलो असतो. स्टोनकिंग यांना वेगळाच प्रश्न सुचला. माणसावर डोक्यातली ऊ असते तशी अंगावरचीही ऊ असते, आणि ती कपड्यांच्या शिवणीत राहते. कपडे नसते तर ही दुसरी ऊ निर्माणच झाली नसती. मग या दोन उवा एकमेकींपासून कधी फुटल्या हे जनुकांवरून काढलं, तर माणूस कपडे कधी घालू लागला याचा अंदाज बांधता येईल! 2003 साली त्यांच्या गटाने सुमारे सत्तर हजार वर्षं असा आकडा मांडला. 2011 साली दुसऱ्या संशोधकांनी अधिक माहितीवरून तो मागे, एक लाख सत्तर हजार वर्षांच्या आसपास नेला. आकड्यांचा वाद चालू राहील. पण मानवाच्या वस्त्रांचा इतिहास शाळेच्या एका चिठ्ठीतून उलगडायला लागला, हे काही थोडकं नव्हे.

हस्तिदंताची फणी

आता पुराव्याकडे येऊ. इस्रायलमध्ये जेरुसलेमच्या नैर्ऋत्येला लाखीश नावाचं प्राचीन नगर आहे. तिथल्या उत्खननात 2016 साली हस्तिदंताची एक लहानशी फणी सापडली. साडेतीन सेंटिमीटर लांब, अडीच सेंटिमीटर रुंद; काड्यापेटीपेक्षाही लहान. एका बाजूला सहा जाड दाते, दुसऱ्या बाजूला चौदा बारीक दाते. जाड दात्यांनी गुंता सोडवायचा, बारीक दात्यांनी उवा-लिखा ओढायच्या. आपल्या बाजारात मिळणारी दुतोंडी लाकडी फणी डोळ्यांपुढे आणा, तीच ही.

पाच वर्षं ती फणी तशीच होती. मग 2021 च्या सुमारास बारकाईने पाहताना तिच्यावर कोरलेली अक्षरं दिसली. कनानी लिपीतली सतरा अक्षरं, सात शब्द. काळ इसवी सनापूर्वी सुमारे 1700. अर्थ असा की, या दाताने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा उपटून निघोत. कनानी लिपीतलं आपल्याला सापडलेलं हे सर्वांत जुनं संपूर्ण वाक्य मानलं जातं. आज जगात ज्या ज्या वर्णमाला वापरतात, त्यांतल्या कितीतरी याच लिपीच्या वंशातल्या. राजाची आज्ञा नाही, देवाची स्तुती नाही. उवा जाऊ देत एवढीच प्रार्थना! फणीच्या एका दातावर उवेच्या पिल्लाच्या कवचाचे अवशेषही मिळाले.

इथे दोन गोष्टी टिपून ठेवू. एक, त्या प्रदेशात तेव्हा हत्ती नव्हते. हस्तिदंत बाहेरून आणलेला, महागाचा. म्हणजे ही फणी गरिबाची नव्हती. श्रीमंताच्या डोक्यातही उवा होत्या आणि त्याला ते फणीवर कोरून ठेवायला लाज वाटत नव्हती. दुसरी, उपाय. पावणेचार हजार वर्षांपूर्वीचा उपाय फणी हाच होता. या दोन्ही गोष्टींकडे आपण शेवटी परत येणार आहोत.

यूका आणि लिक्षा

आपल्याकडे काय होतं? मराठीतला ‘ऊ’ हा शब्द संस्कृत ‘यूका’वरून आला आणि ‘लीख’ हा ‘लिक्षा’वरून. हे दोन्ही शब्द आपल्या प्राचीन मोजमापांत आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लांबीची कोष्टकं दिली आहेत, त्यांत परमाणूपासून वर चढत जाताना आठ लिक्षांची एक यूका, आठ यूकांचा एक यवमध्य, म्हणजे जवाच्या दाण्याची जाडी, आणि आठ यवमध्यांचं एक अंगुल. आपण हे मोजमाप शब्दशः घेऊ नये. खरी ऊ त्या यूकेपेक्षा बरीच मोठी असते. पण राज्यकारभाराच्या ग्रंथात लहानात लहान वस्तूचं उदाहरण द्यायचं तर लीख आणि ऊ चटकन सुचावी, यातच ती किती ओळखीची होती ते कळतं.

चरकसंहितेत कृमींचे प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या बाहेरच्या कृमींत यूका येते. तिचं ठिकाण केस, दाढी, पापण्या आणि वस्त्रं. म्हणजे डोक्यातली आणि कपड्यांतली अशा दोन्ही उवा त्यांना ठाऊक होत्या. उपचारात पहिला शब्द आहे ‘अपकर्षण’. म्हणजे ओढून काढणे. औषध नंतर, आधी काढा! पण त्याच ठिकाणी कारण म्हणून मळ दिला आहे. अस्वच्छता झाली की मळातून हे कृमी उपजतात, असा समज. हा समज फक्त आपल्याकडे नव्हता. ग्रीकांपासून युरोपातल्या पंडितांपर्यंत सगळे हेच मानत. सतराव्या शतकात सूक्ष्मदर्शक आला, तेव्हा कुठे हा समज ढिला झाला. रॉबर्ट हुक यांच्या 1665 सालच्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात उवेचं चित्र पुस्तकाच्या पानात मावेना म्हणून घडी घालून जोडलं होतं. ऊ रक्त कशी पिते ते बघायला हुक यांनी तिला आपल्याच हातावर चावू दिलं होतं. आता ती मळाचा कण राहिली नाही, पोट आणि पाय असलेला जीव झाली. तरीही ‘मळातून ऊ’ हा विचार विज्ञानातून गेला, पण लोकांच्या मनातून गेला नाही.

जैन परंपरेत उवेचा प्रश्न अगदी वेगळ्या बाजूने आला. ऊ हाही जीव, मग तो मारायचा कसा? मेरुतुंगाच्या ‘प्रबंधचिंतामणी’ या चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ग्रंथात गुजरातच्या कुमारपाल राजाची कथा आहे. एका व्यापाऱ्याने ऊ चिरडली म्हणून त्याची मालमत्ता जप्त झाली आणि त्या पैशातून पाटणला ‘यूकाविहार’ नावाचं मंदिर बांधलं. कथेत अतिशयोक्ती किती ते बाजूला ठेवू. उवेच्या नावाने देऊळ ही कल्पना ज्या समाजाला सुचली, त्याने तिच्याकडे किळस सोडून दुसऱ्या नजरेनेही पाहिलं होतं.

आणि पंचतंत्रातली मंदविसर्पिणी तुम्हाला आठवत असेल. राजाच्या अंथरुणात राहणारी ती ऊ. तिच्याकडे एक ढेकूण पाहुणा येतो. ती बजावते, राजा झोपल्याशिवाय चावू नकोस. ढेकणाला दम निघत नाही. राजा ओरडत उठतो, सेवक अंथरूण झाडतात. ढेकूण पसार होतो आणि बिचारी संथ चालणारी ऊ सापडते. चावला एक, मेली दुसरी. ही गोष्ट मनात असू द्या.

उन्हातलं काम

मधल्या काळात घराघरांत काय चालत होतं? फ्रान्सच्या दक्षिणेला, पिरेनीज डोंगरात मोंतायू नावाचं गाव आहे. 1318 ते 1325 या काळात तिथल्या लोकांची धर्मद्रोहाबद्दल चौकशी झाली. त्या जबान्यांवरून ल रॉय लादुरी या इतिहासकाराने गावाचं चित्र उभं केलं. जबान्या धर्माबद्दलच्या, पण त्यांत बायका उंबऱ्याशी किंवा सपाट छपरांवर उन्हात बसून एकमेकांच्या, मुलांच्या, नवऱ्यांच्या डोक्यातल्या उवा काढताना पुन्हा पुन्हा भेटतात. गावातल्या सगळ्या बातम्या तिथेच फिरत. वाचताना वाटतं, हे आपल्याच ओसरीवरचं वर्णन आहे.

सतराव्या शतकात हॉलंडमध्ये गेरार्ड तेर बोर्ख आणि पीटर दे होख या चित्रकारांनी आई मुलाचं डोकं पाहते आहे अशी चित्रं काढली. स्वच्छ फरशीचं, नीटनेटकं घर. आणि त्यात हे काम. चांगल्या आईचं कर्तव्य म्हणून रंगवलेलं. आपल्याकडे सौभाग्यवाणात फणी-करंडा असतो, त्याचंही स्थान असंच मानाचं. उवा काढणं हे मायेचं काम होतं, वेळ खाणारं काम होतं, आणि जवळजवळ सगळीकडे ते बायकांच्या वाट्याला आलेलं काम होतं. त्यात लाज मात्र फारशी दिसत नाही.

मग लाज आली कुठून?

याची दोन कारणं आम्हाला दिसतात. पहिलं कारण खऱ्या भीतीचं आहे. 1909 साली ट्यूनिस इथे शार्ल निकोल यांनी दाखवून दिलं की टायफस हा भयंकर ताप उवांमुळे पसरतो. रुग्णालयाच्या दारात रुग्णाला अंघोळ घालून कपडे बदलले, की पुढे तो कोणाला रोग देत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. 1928 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. दोन्ही महायुद्धांत टायफसचं भय होतं. पण हे काम अंगावरच्या, कपड्यांतल्या उवेचं. डोक्यातली ऊ खाज देते, खाजवून जखमा होतात, त्या चिघळतात. रोजच्या जीवनात ती टायफस पसरवत नाही. लोकांच्या मनात मात्र दोन्ही उवा एक झाल्या. पंचतंत्रासारखंच झालं बघा, चावला एक आणि सापडली दुसरी.

दुसरं कारण शाळेचं. सगळी मुलं एका छपराखाली आली आणि सरकारी नजर त्यांच्या डोक्यावर पडली. इंग्लंडमध्ये 1907 च्या कायद्याने प्राथमिक शाळांतल्या मुलांची वैद्यकीय तपासणी आवश्यक झाली. 1908 च्या बालक कायद्याने उवा असलेल्या मुलाची सक्तीने सफाई करण्याचा अधिकार दिला. शाळेत येणाऱ्या परिचारिकेला मुलं ‘लिखांची नर्स’ म्हणू लागली. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला, की जे काम घरात मांडीवर होत होतं ते रांगेत, सगळ्यांसमोर होऊ लागलं. ज्याला रांगेतून बाजूला काढलं त्याचं घर घाणेरडं, हे ठरून गेलं.

मग 1939 चा सप्टेंबर आला. बाँबहल्ल्यांच्या भीतीने ब्रिटनमध्ये काही दिवसांत सुमारे पंधरा लाख लोक, बहुतेक मुलं, शहरांतून खेड्यांत हलवली गेली. खेड्यांतल्या घरांनी दार उघडलं तर मुलांच्या डोक्यात उवा! देशभर ओरड झाली. अधिकारी म्हणाले, शाळेच्या नोंदींत तर प्रमाण थोडं आहे. केनेथ मेलॅनबी या कीटकशास्त्रज्ञाने मग एक साधी गोष्ट केली. शाळेच्या नोंदी बाजूला ठेवून त्यांनी साथरोगाच्या रुग्णालयांत दाखल होणाऱ्या मुलांच्या नोंदी पाहिल्या. आजारी मूल अचानक दाखल होतं, आदल्या रात्री कोणी त्याचं डोकं विंचरून ठेवत नाही. 1941 साली त्यांनी निष्कर्ष मांडला : औद्योगिक शहरांत लहान मुलं आणि शाळकरी मुली यांच्यात निम्म्यांच्या आसपास डोक्यांत उवा होत्या. शाळेचे आकडे याच्या जवळपासही नव्हते.

यातून आपण काय घ्यायचं? तीस वर्षं तपासणी चालली, सक्ती झाली, नावं ठेवली गेली. आणि उवा जिथल्या तिथे होत्या. लाज दिली की माणूस लपवतो. लपवलेली ऊ वाढते.

पावडरींचा काळ

इथून रसायनांचा अध्याय सुरू होतो. पाउल म्युलर यांना 1939 साली डीडीटीचा कीटकनाशक गुण सापडला. 1943-44 च्या हिवाळ्यात नेपल्समध्ये टायफसची साथ आली, तेव्हा दहा लाखांहून अधिक लोकांच्या कपड्यांत पावडर फुंकली गेली आणि साथ आवरली. 1948 साली म्युलर यांना नोबेल मिळालं. आता ऊ संपलीच, असं जगाला वाटलं.

पण ती डीडीटीला सरावली. मग लिंडेन आलं, मॅलॅथिऑन आलं, शेवंतीच्या कुळातल्या फुलांपासून निघणाऱ्या पायरेथ्रमवरून बनवलेलं पर्मेथ्रिन आलं. पर्मेथ्रिन आणि डीडीटी कीटकाच्या मज्जातंतूवर एकाच जागी घाव घालतात. त्यामुळे त्या जागेत बदल झालेल्या उवांना पर्मेथ्रिनचीही फिकीर उरली नाही. लिंडेन मज्जासंस्थेला घातक, म्हणून 2009 साली स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. उवा-खरजेच्या औषधापुरती तेवढी सवलत राहिली.

आपल्याकडच्या घरगुती उपायांबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. डोक्याला रॉकेल चोळणं, गॅमेक्सिनची पावडर लावणं हे अनेक घरांत झालेलं आहे. रॉकेलने त्वचा भाजते, आणि चुलीजवळ तर जिवाशी खेळ होतो. शेतातली किंवा ढेकणांची पावडर मुलाच्या डोक्यावर कधीही घालायची नाही. सीताफळाच्या बियांची पूड उवा मारते हे खरं, पण ती डोळ्यात गेली तर डोळा भयंकर सुजतो, बुबुळाला इजा होते. ‘झाडपाल्याचं आहे, काय होतंय’ असं म्हणू नका.

पुन्हा फणी

आणि आता आपण लाखीशच्या फणीकडे परत येतो. ब्रिटनमध्ये काही पालक आणि कार्यकर्त्यांनी ओले केस पद्धतशीर विंचरण्याची एक रीत बसवली. केस धुवायचे, भरपूर कंडिशनर लावायचं, म्हणजे ऊ पटकन पळत नाही. मग बारीक फणी मुळापासून टोकापर्यंत, बट बट करून फिरवायची, प्रत्येक वेळी पुसायची. दोन आठवड्यांत चार वेळा, तीन-चार दिवसांच्या अंतराने. हिशेब सरळ आहे. लिखा चिकटून राहिल्या तरी त्या फुटतील, आणि निघालेलं पिल्लू वयात येऊन अंडी घालायच्या आत पुढची फणी फिरलेली असेल. 2005 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या पद्धतीची दुकानात मिळणाऱ्या औषधांशी तुलना प्रसिद्ध झाली. फणीने 57 टक्के मुलं मोकळी झाली, औषधाने 13 टक्के. चरकाचं अपकर्षण आठवतंय ना?

याचा अर्थ औषध घेऊच नये असा नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने लोशन लावता येतं, नऊ-दहा दिवसांनी पुन्हा लावावं लागतं, कारण लिखा पहिल्यांदा सगळ्या मरत नाहीत. डायमेटिकोन नावाचं सिलिकोनचं तेल विषाने नव्हे, तर उवेला वेढून मारतं, त्यामुळे त्याला सरावणं तिला अवघड. पण काहीही लावलं तरी फणी सुटत नाही. आणि घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी पाहिली नाहीत, तर ऊ या डोक्यावरून त्या डोक्यावर फिरत राहते.

उरला लाजेचा प्रश्न. पहिल्यांदा उवा झाल्यावर खाज सुटायला चार ते सहा आठवडेही लागू शकतात. म्हणजे शाळेत ज्या दिवशी त्या दिसतात, त्याच्या कितीतरी आधीपासून ते मूल वर्गात बसलेलं असतं. त्या दिवशी त्याला घरी पाठवून कोणाचंच रक्षण होत नाही. म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, उवांमुळे मुलाला शाळेबाहेर काढू नये, असा सल्ला दिलेला आहे. केस कापून टाकणं, मुलीचं डोकं भादरणं याचीही गरज नसते. रोज न्हाणाऱ्या डोक्यातही ऊ होते. तिला स्वच्छ केसही चालतात. ज्या मुली एकमेकींच्या डोक्याला डोकं लावून गुजगोष्टी करतात, एका सतरंजीवर झोपतात, त्यांना उवा होतात. मैत्री असल्याची ती खूण आहे म्हणा हवं तर.

शाळांना आमची एवढीच विनंती. एका मुलीला उभं करू नका. सगळ्या वर्गाच्या घरी एकच चिठ्ठी द्या : येत्या रविवारी सगळ्यांनी सगळ्यांची डोकी पाहा, तीन-चार दिवसांनी पुन्हा पाहा. कोणाचंही नाव नको. आणि ते काम आईवरच टाकू नका; बाबांच्या हातातही फणी धरायला काही अडचण नाही. पावणेचार हजार वर्षांपूर्वी कोणीतरी आपली इच्छा फणीवर कोरून ठेवली, लपवली नाही. आपणही तितक्याच मोकळेपणाने बोललो, तर शाळेतून येणाऱ्या मुलीची मान खाली जाणार नाही.

आता प्रश्न असतील तर जरूर विचारा.